दोन प्रारंभांचा धनी : गोविंदराव टेंबे

कसबा बावडा (कोल्हापूर) : मराठी नाटकाला स्वतंत्र संगीतदिग्दर्शक प्रथम कधी लाभला, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण १९११ सालच्या ‘संगीत मानापमान’पाशी येऊन थांबतो. पहिल्या मराठी बोलपटाला संगीत कोणी दिले, हा प्रश्न आपल्याला १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’कडे घेऊन जातो. या दोन घटनांमध्ये एकवीस वर्षांचे अंतर आहे. माध्यमे वेगळी, प्रेक्षक वेगळा, तंत्र तर सर्वस्वी वेगळे. परंतु दोन्ही ठिकाणी नाव एकच आढळते, ते म्हणजे गोविंद सदाशिव टेंबे. हार्मोनियमवादक, नट, नाटककार, संगीतरचनाकार आणि लेखक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. आज मात्र ‘मानापमान’ म्हटले की बालगंधर्व आठवतात, ‘अयोध्येचा राजा’ म्हटले की व्ही. शांताराम आणि दुर्गा खोटे आठवतात. ज्याने या दोन्ही कलाकृतींना सूर दिला, तो करवीरचा पेटीवाला स्मरणातून थोडा मागे सरकला आहे. त्याच्या कारकिर्दीकडे पुन्हा एकदा निगुतीने पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

करवीरची भूमी

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला. त्यांचे बालपण आणि तारुण्य ज्या कोल्हापुरात गेले, ते नगर त्या वेळी एका मोठ्या सांस्कृतिक स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर उभे होते. कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले राजर्षी शाहू छत्रपती १८९४ मध्ये राज्यकारभार पाहू लागले आणि कुस्ती, नाटक, चित्रकला व संगीत या चारही कलांना करवीरनगरीत हक्काचा आश्रय मिळाला. उत्तरेतील घराणेदार गायकीचे थोर प्रतिनिधी उस्ताद अल्लादिया खाँ याच काळात दरबारगायक म्हणून कोल्हापुरात आले. राजस्थानातून आलेली त्यांची पेचदार, अनवट रागांनी समृद्ध अशी गायकी पंचगंगेच्या काठी रुजली आणि पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून तिने साऱ्या देशात कीर्ती मिळवली.

राजवाड्यातील गाणे राजवाड्यातच राहिले असते, तर सांगवड्याच्या मुलाच्या कानी ते कदाचित पडले नसते. ते शहरात झिरपले याचे बरेचसे श्रेय १८८३ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबला द्यावे लागते. हौशी रसिक आणि नामवंत कलावंत यांना एका बैठकीवर आणणारी ही संस्था गोविंदरावांची खरी पाठशाळा ठरली. गंडा बांधून, वर्षानुवर्षे गुरुगृही राहून त्यांनी विद्या घेतली नाही. ऐकणे, मनात साठवणे आणि घरी येऊन ते पेटीवर उतरवून पाहणे, हीच त्यांची शिक्षणपद्धती होती. त्यांनी गुरू मानले ते भास्करबुवा बखले यांना. पण समोर बसून रीतसर तालीम घेण्याचा योग त्या नात्यातही फारसा आला नाही. बुवांच्या मैफलींत पेटीची साथ करता करताच त्यांनी बुवांचे गाणे आत्मसात केले. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा संस्कारही याच श्रवणमार्गाने त्यांच्यावर झाला.

परक्या वाद्याशी मैत्री

गोविंदरावांनी जे वाद्य जवळ केले, ते मुळात आपले नव्हते. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचे एकस्व घेतले. पाश्चात्त्य धर्मोपदेशकांच्या व व्यापाऱ्यांच्या सामानातून ते हिंदुस्थानात आले. येथील कारागिरांनी त्याचे पाय काढून टाकले, भाता मागे घेतला आणि मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी हाताची पेटी सिद्ध केली. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या, अशी ही सोय झाली. कीर्तनापासून तमाशापर्यंत पेटी सर्वत्र पोहोचली. पण विद्वानांच्या सभेत तिला मान नव्हता, आणि त्याला कारणही होते.

हिंदुस्थानी रागसंगीताचे सौंदर्य दोन स्वरांच्या मधल्या जागेत असते. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती मींड. स्वर किंचित उतरवून किंवा चढवून लावतो, ती श्रुती. पेटीतील पितळी पत्ती मात्र एकदा सुरात बसवली की तोच एक स्वर देते. दोन पट्ट्यांच्या मध्ये तिच्यापाशी काहीच नाही. सारंगीच्या तारेवर बोट सरकवता येते, पेटीच्या पट्टीवर ते सरकवून उपयोग नाही. शिवाय प्रत्येक गायकाचा षड्ज निराळा. कोणाचा काळी एक, कोणाचा पांढरी चार. साथीदाराला तोच राग दर वेळी वेगळ्या पट्टीपासून वाजवावा लागतो आणि बोटांचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

वाद्याचा हा उणेपणा पेटीवादकाला दोनच मार्ग मोकळे ठेवतो. एक तर गायकाच्या मागे स्वरांचा भरणा करीत राहणे, किंवा गाण्याचा विचार इतका आत मुरवणे की मींड नसतानाही ऐकणाऱ्याला तिचा भास व्हावा. गोविंदरावांनी दुसरा मार्ग धरला. कणस्वरांची नेमकी योजना, भात्याच्या दाबातून आवाज लहानमोठा करण्याचे कसब, तानेची अखंडता आणि मुख्य म्हणजे रागाच्या बढतीचे भान यांच्या बळावर त्यांनी पेटीला गायकी दिली. खाँसाहेबांच्या घराण्यातील गुंतागुंतीची लयकारी त्यांनी पेटीवर उतरवली, असे त्यांच्याविषयी आवर्जून सांगितले जाते. केवळ साथीचे मानले गेलेले वाद्य स्वतंत्र वादनाच्या योग्यतेचे आहे, हे ज्या मोजक्या वादकांनी महाराष्ट्राला पटवले, त्यांत गोविंदरावांचे स्थान अग्रभागी आहे.

‘मानापमान’ची क्रांती

किर्लोस्कर नाटक मंडळी त्या वेळी मराठी संगीत रंगभूमीची मेरुमणी होती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून जी परंपरा घातली, तीत पदांच्या चाली बहुधा नाटककारच योजीत असे. साकी, दिंडी, कीर्तनातील चाली, लावणी, कर्नाटकी वळणाची पदे आणि क्वचित रागदारीतील चीज असा तो मेळ होता. आधी चाल, मग तिच्या साच्यात बसणारे शब्द, अशी रीत होती. छापील नाटकांत पदाच्या माथ्यावर मूळ चीजेचा निर्देश करण्याची प्रथा त्याचीच साक्ष देते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे तोवर गद्य नाटककार म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी ‘मानापमान’ हे आपले पहिले संगीत नाटक लिहावयास घेतले, तेव्हा चालींचे काम गोविंदरावांकडे आले. नाटककार एक आणि चाली देणारा दुसरा, ही विभागणी येथे ठसठशीतपणे पुढे आली. तिशीही न गाठलेल्या या पेटीवादकाने मग उत्तर हिंदुस्थानी संगीताचे एक वेगळेच दालन मराठी प्रेक्षकांसाठी उघडले. पूरब बाजाच्या ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या, होऱ्या यांचे नखरेल, भावपूर्ण वळण त्यांनी मराठी पदांत आणले. बैठकीच्या गाण्यात ऐकलेली ही धून नाटकातील कोणत्या प्रसंगाला शोभेल, कोणत्या पात्राच्या तोंडी बसेल, याचा विचार त्यांनी केला. भामिनीच्या मानी, लाडिक स्वभावाला एक चाल, धैर्यधराच्या वीरवृत्तीला दुसरी. राग तेच, पण त्यांचा नाट्यातील उपयोग नवा होता.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. बालगंधर्वांवर त्याच दिवशी कन्येच्या मृत्यूचा आघात झाला होता. तशा अवस्थेतही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिकत मराठी रंगभूमीच्या इतिहासात कोरली गेली आहे. नाटकाने अपूर्व यश मिळवले. चाली घराघरांत गेल्या, मेळ्यांत गेल्या, इतर नाटक मंडळ्यांच्या पदांना त्यांचे वळण लागले. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी जेव्हा बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर आले, तेव्हा निवड झाली ती याच नाटकाची. तो संयुक्त ‘मानापमान’ ज्यांनी पाहिला, त्यांनी तो आयुष्यभर जपला. केशवरावांना त्यानंतर तीन महिनेही आयुष्य लाभले नाही.

मागाहून दीनानाथ मंगेशकरांनी ‘मानापमान’ स्वतःच्या निराळ्या चालींनी गाजवले. एका नाटकाच्या पदांना दोन समर्थ चालींची परंपरा मिळावी, ही गोष्ट मूळ चालींना उणेपणा आणणारी नाही. पद हे शब्दांइतकेच चालीमुळे जगते आणि चाल हा एका स्वतंत्र प्रतिभेचा विषय आहे, ही जाणीव मुळात ‘मानापमान’मुळेच दृढ झाली. रचनाकार असे पद निर्माण झाले, म्हणूनच दुसऱ्या रचनाकाराला तेथे स्पर्धेला जागा मिळाली.

भागीदारी आणि वेगळी वाट

१९११ मध्येच किर्लोस्कर मंडळीचे नायक नट नानासाहेब जोगळेकर निवर्तले. त्यांच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली आणि पडद्यामागच्या गोविंदरावांना रंगमंचावर यावे लागले. रूप, आवाज आणि संगीताची जाण ही तिन्ही साधने त्यांच्यापाशी असल्याने नायकाच्या भूमिकांत ते शोभले. १९१३ मध्ये खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ला त्यांनीच चाली दिल्या. त्याच वर्षी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. एकाचे गाणे व स्त्रीभूमिका, दुसऱ्याचा अभिनय, तिसऱ्याचे संगीत अशी ही त्रिमूर्ती होती. मराठी रंगभूमीच्या वैभवकाळाची पायाभरणी या भागीदारीने केली.

परंतु त्या वैभवाचे दिवस पाहण्यासाठी गोविंदराव तेथे थांबले नाहीत. दोन वर्षांच्या आतबाहेर ते भागीदारीतून बाहेर पडले आणि १९१५ मध्ये त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. त्यांच्या जागी गंधर्व मंडळीच्या चाली बांधण्याचे काम त्यांचेच गुरू भास्करबुवा बखले यांच्याकडे आले आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ने कीर्तीचे नवे शिखर गाठले. शिष्याने मोकळी केलेली बैठक गुरूने भूषवावी, असा हा विलक्षण योग होता. रंगभूमीचे त्यात नुकसान झाले नाही. गोविंदरावांच्या वाट्याला मात्र खडतर मार्ग आला.

नाटक मंडळी चालवणे म्हणजे शेदीडशे माणसांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणे. पडदे, पोशाख, वाद्ये, आचारी, रेल्वेचे भाडे, थिएटरचे भाडे, पावसाळ्यातील बेकारी या साऱ्यांचा भार मालकावर. गोविंदरावांनी तो उचलला. ते नाटके लिहीत, चाली देत, भूमिका करीत आणि मंडळीही सांभाळत. ‘पटवर्धन’, ‘वरवंचना’, ‘तुलसीदास’ ही त्यांच्या नाट्यलेखनातील ठळक नावे. पण गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन बलाढ्य मंडळ्यांच्या छायेत तिसऱ्या मंडळीला बहर येणे अवघड होते. शिवराज मंडळी अखेर बंद पडली. कलावंत म्हणून त्यांनी मिळवलेले सारे काही या एका निर्णयापायी पणाला लागले होते. ज्या संस्थेच्या स्थापनेत आपण वाटेकरी होतो, तिची भरभराट बाहेरून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. तरीही त्यांचे काम थांबले नाही, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचे पान आहे.

पन्नाशीनंतरचा दुसरा प्रारंभ

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे संस्थापक. कंपनीने प्रथम मूकपट काढले. परंतु मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ मुंबईत झळकला आणि चित्रपटाला वाचा फुटली. प्रभातनेही बोलपटाचा निर्णय घेतला, तेव्हा संगीतासाठी आणि राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी त्यांनी ज्यांना पाचारण केले, ते गोविंदराव पन्नास वर्षांचे होते.

या वयात नवे तंत्र शिकणे सोपे नव्हते. पार्श्वगायनाची सोय त्या वेळी नव्हती. कॅमेरा चालू असताना नटाने अभिनयही करावयाचा आणि गावयाचेही. वादकांनी चौकटीच्या बाहेर, पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसावयाचे. कोणाचा एक सूर ढळला किंवा एक शब्द चुकला की सारे दृश्य नव्याने. नाटकातील पद गायकाच्या मर्जीप्रमाणे पाच मिनिटे चाले, ‘वन्स मोअर’ मिळाला की दुप्पट होई. चित्रपटात फिल्मचा प्रत्येक फूट मोजून खर्चावा लागे. म्हणजे तान आवरती घ्यावयाची, आलाप संक्षेपाने मांडावयाचा आणि भाव मात्र तेवढाच पोहोचवावयाचा. ज्या रचनाकाराने वीस वर्षांपूर्वी बैठकीचे गाणे नाटकाच्या मापात बसवले होते, त्याने आता नाटकाचे गाणे पडद्याच्या मापात बसवले.

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘मानापमान’मधील भामिनीची पदे त्यांनी रचली ती स्त्रीवेषातील पुरुष गायकासाठी, आणि तो गायकही बालगंधर्वांसारखा असामान्य. ‘अयोध्येचा राजा’तील तारामतीची गाणी त्यांनी रचली ती दुर्गा खोटे यांच्यासाठी. सुखवस्तू, प्रतिष्ठित घरातील ही तरुणी व्यवसायाने गायिका नव्हती. तिला झेपेल, तिच्या गळ्यातून सहज उमटेल आणि तरीही प्रसंगाचा करुणरस सांभाळेल, अशी चाल बांधणे हे निराळेच कसब होते. मराठी संगीतातील स्त्रीचा आवाज पुरुषाकडून स्त्रीकडे परतत होता आणि त्या परतीच्या वाटेवर दोन्ही टोकांना गोविंदराव उभे होते.

फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. हिंदीतही त्याची आवृत्ती निघाली. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याची नोंद झाली आणि कोल्हापूरचे नाव देशभर गेले. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये गोविंदराव मच्छिंद्रनाथाच्या भूमिकेत दिसले. पुढे ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ हे प्रभातचे चित्रपटही त्यांच्या संगीताने नटले. ‘सैरंध्री’त रंगीत चित्रपटाचा प्रयोग करण्यासाठी कंपनीने थेट जर्मनी गाठली होती. १९३३ मध्ये प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यास प्रस्थान ठेवले आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’पासून तेथे केशवराव भोळे यांचे युग सुरू झाले. गोविंदरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी, बाबूराव पेंटर यांच्या ‘उषा’सारख्या चित्रपटाला संगीत दिले. एका मोठ्या संस्थेच्या प्रारंभी असणे आणि तिच्या भरभराटीच्या वेळी अन्यत्र असणे, हा त्यांच्या आयुष्यातील योग येथेही चुकला नाही.

लेखणीचे ऋण

उत्तरायुष्यात गोविंदरावांनी लेखणी हाती घेतली आणि महाराष्ट्रावर तिसरे उपकार केले. १९३९ मध्ये ‘माझा संगीत व्यासंग’ आणि १९४८ मध्ये ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली. ‘कल्पनासंगीत’मध्ये त्यांनी संगीतातील कल्पकतेचा विचार मांडला. ज्या काळात ध्वनिमुद्रण अपुरे आणि मैफल संपली की गाणे हवेत विरणारे, त्या काळातील गवई, त्यांची गायकी, त्यांच्या लकबी यांचे टिपण एका जाणकाराच्या हातून झाले, हे आपले भाग्य. अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. ते त्यांच्या पश्चात प्रकाशात आले. या साऱ्या लेखनात एक गुण सर्वत्र दिसतो. आपण कोणाकडून काय घेतले, हे सांगताना लेखकाचा हात कधी आखडत नाही. ज्याने गंडा बांधला नाही, त्याने ऋण मात्र सर्वांचे मानले.

त्यांच्या लाडक्या वाद्याचे भाग्य मात्र या काळात रुसले. श्रुतींशी विसंगत म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. पाश्चात्त्य संगीतज्ञ जॉन फोल्ड्स यांच्यासारख्यांनी आधीच या वाद्यावर कठोर टीका केली होती. ज्या पेटीवर एका माणसाने घराणेदार गायकी उभी केली होती, ती देशाच्या नभोवाणीला नकोशी झाली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे निधन झाले, तेव्हाही ही बंदी कायम होती. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. आज देशातील बहुतेक ख्याल-मैफलींत गायकाच्या डाव्या हाताला पेटी असते आणि संवादिनीच्या स्वतंत्र वादनाचे कार्यक्रम रसिक तिकीट काढून ऐकतात. या वाद्याविषयीचा वाद शास्त्रार्थाने मिटला नाही. वादकांनी तो आपल्या बोटांनी निकालात काढला.

नाव आणि सूर

कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा सारे करवीर हळहळले. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ नव्या रूपात, नव्या संगीतासह मोठ्या पडद्यावर आले. शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या कथेला नव्या चाली लावण्याचा मोह कलावंतांना होतो, यातच त्या नाटकाचे सामर्थ्य दिसते.

गायकाचा आवाज ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतो. चाल बांधणारा मात्र त्या आवाजाच्या आत राहतो. गोविंदरावांचे आयुष्य बहुतांशी असे दुसऱ्याच्या आवाजाच्या आत गेले. आधी भास्करबुवांच्या मैफलीत, मग बालगंधर्वांच्या पदांत, मग दुर्गा खोट्यांच्या गाण्यांत. त्याचा सल त्यांच्या मनात किती होता, याची मोजदाद आज कोण करणार? परंतु नाटकाच्या वा चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव वेगळ्या ओळीत लिहिले जाते, ती ओळ मराठीत प्रथम ज्यांच्यासाठी मोकळी झाली, ते सांगवड्याचे गोविंदराव टेंबे होते. पुढे त्याच ओळीवर मास्टर कृष्णराव आले, केशवराव भोळे आले, कोल्हापूरचेच सुधीर फडके आले. या सर्वांच्या कीर्तीला ज्या पेटीचा षड्ज आधाराला आहे, ती करवीरच्या मातीत वाजली होती, एवढे तरी या नगरीने विसरू नये.